काळा बैल

"गुंडोनं दिलं," असंच सांगायचं, हे रघुजीनं रिक्षातच ठरवलं होतं.

पिशवीत हातानं शिवलेलं चित्रांचं पुस्तक होतं. बसवनगुडीतल्या कन्नड शाळेत शिकणाऱ्या तीन मित्रांनी एके काळी असं एक मराठी पुस्तक केलं होतं. गोष्ट गुंडोची, अक्षर हयवदनचं, चित्रं रघुजीची. ते रघुजीकडे ठेवलेलं. एकदा त्यानं रद्दी बंबात घातली आणि मग पुस्तक सापडेना. घाबरून त्यानं गुंडोचं नाव घेतलं. हयवदन त्यानंतर गुंडोशी बोलला नाही. गुंडोही दोघांच्या दारात कधी आला नाही.

गेल्या आठवड्यात अंथरुणाला खिळलेला हयवदन म्हणाला होता, "रघू, ते आपलं पुस्तक..." रघुजीनं त्याला पुढं बोलू दिलं नाही. आणतो, म्हणाला. मग जुन्या वहीचे कोरे कागद चहात बुडवून वाळवले आणि आठवून आठवून सगळं पुन्हा काढलं.

हयवदनची सून सुप्रीता कॉफी ठेवून गेली. हयवदननं पुस्तक छातीवर घेतलं. 'काळा बैल' या नावावरून बोट फिरवलं. मधेच बोट थांबलं.

"गुंडोनं दिलं?"

"हो. स्वल्प लाजला, पण दिलं."

"बैलाला शेपूट अजून मांजराचंच," हयवदन हसला. मग त्यानं सुनेला हाक मारली आणि गुंडोला फोन लावायला सांगितलं. मरायच्या आत त्याच्याशी बोलायचंय, म्हणाला.

रघुजीच्या कॉफीवर साय धरली.

"नको लावूस गं," तो म्हणाला. "हयवदना, गुंडोनं काही घेतलं नव्हतं. खरं पुस्तक माझ्या हातून जळलं. हे मी केलंय."

"ते पुस्तकाचं नाव बघूनच कळलं. आपण देवनागरी शिकलो हिंदीच्या तासाला. हिंदीत ळ कुठला? आपण कन्नडचा ळ घुसडायचो. हा देवनागरी ळ तू मागाहून शिकलास."

रघुजीची मान खाली गेली. गुंडोच्या घरी जाऊन त्याचे पाय धरीन, म्हणाला.

"त्याला इथंच बोलावू. दोघं मिळून धरू. तुझ्याकडचं पुस्तक तेव्हा मीच नेलं होतं."

हयवदननं उशीखाली हात घातला. बाहेर आलेल्या पिवळ्या पुस्तकावर बैलाला मांजराचं शेपूट होतं, आणि 'काळा'मधला ळ कन्नड होता.