नववीतलं पाणी

"बंद करा हा पोरखेळ!" असं ओरडत ओरोझबेकनं भिंतीतली वायर उपटली. पडद्यावरचं गाव गपकन विझलं.

वर्गात तेवीस मुलं होती. ओरोझबेक गावप्रमुख होता, आणि पहिल्या बाकावर मान खाली घालून बसलेली बेगायम त्याची धाकटी मुलगी होती.

भूगोलाची शिक्षिका कुंदुझ त्याच्या आणि संगणकाच्या मधे उभी राहिली.

"पोरखेळ नाही, बाइके," मोठ्या भावाला हाक मारावी तसं ती म्हणाली. "आपलं गाव आहे ते. मुलांनी नळीत पाणी भरून, गवंड्यासारखी एकेका गल्लीची उंची मोजली. दोन महिने मोजत होती. जशी मोजली तशीच या गेममध्ये रचली."

"आणि मग माझी बालवाडी बुडवली!"

"आम्ही फक्त वरच्या तळ्याचा काठ फोडला. पाणी आपलं आपण तिथे गेलं."

नवी बालवाडी कोरड्या नाल्यात उभी होती. त्या नाल्यात कुणी कधी मेंढरंसुद्धा बांधत नसे. दर चाळीस-पन्नास वर्षांनी डोंगरावरचं तळं फुटतं आणि चिखल, दगड घेऊन तिथूनच उतरतं, हे म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. पण म्हाताऱ्यांना विचारतो कोण? ओरोझबेकनं नाल्यात भराव टाकला, मेव्हण्याला काम दिलं आणि वर्षभरात गुलाबी भिंती उभ्या केल्या. शुक्रवारी उद्घाटन होतं. चाळीस मुलांची नावं नोंदवली गेली होती.

"कुणाच्या परवानगीनं आणलंत हे शाळेत? कुठल्या कंपनीचं आहे?"

"कुठल्याच नाही. खुलं आहे. कुणीही घ्यावं, हवं तसं बदलावं, पुढं द्यावं. यात आधी पाणी सात-आठ पावलं जाऊन थांबायचं. खरं पाणी असं थांबतं का? म्हणून मुलांनी तो नियमच नव्यानं लिहिला."

"वा! आता नववीची पोरं पाण्याला नियम शिकवणार!" त्यानं संगणक काखोटीला मारला. "मास्तरीणबाई, तुम्ही नकाशे शिकवा. मुंबई कुठं, मॉस्को कुठं. आपलं गाव कुठंय ते मला माहीत आहे."

मुख्याध्यापक दारात उभे होते. त्यांनी काय करावं? त्याला जाता यावं म्हणून दार नीट उघडून धरलं.

कुंदुझची कानशिलं तापून निघाली. हे ओरोझबेकच्या घरी कुणी सांगितलं असेल, ते वेगळं विचारायची गरज नव्हती.

"मीच सांगितलं, एजे," बेगायम कुंदुझकडे बघत उठून उभी राहिली. "मला वाटलं, बाबांना कळलं तर..."

"तर तुला शाबासकी मिळेल! मिळाली ना? तेवीस जणांची मेहनत काखेत घालून घेऊन गेला तुझा बाप. बस खाली. नाहीतर असं कर, घरीच जा. माझ्या तासाला बसू नकोस."

बेगायमनं दप्तर उचललं. डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही. ते पाहून कुंदुझ आणखीच भडकली.

गुरुवारी ती पहिल्या गाडीनं जिल्ह्याच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी चहा पीत तिचं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे गेममध्ये पूर आला?" त्यांनी विचारलं, आणि शेजारच्या टेबलाकडे बघून डोळा मारला. बालवाडीच्या मंजुरीचे शिक्के मारलेले कागद त्यांच्याकडे होते. कुंदुझकडे काहीच नव्हतं. गावात परतेपर्यंत दिवस कलला होता, आणि वाटेत एकाही माणसाशी बोलायची तिला इच्छा झाली नाही.

शुक्रवारी सकाळी ती बालवाडीसमोर गर्दीच्या मागे जाऊन उभी राहिली. आज सगळ्यांदेखत बोलायचं, मग नोकरी राहो की जावो. टेबलावर कणकेच्या तळलेल्या गरम बोरसोकांची परात होती. दाराला लाल फीत होती. मुलं नव्या कपड्यांत आयांचे हात धरून उभी होती. सगळं कसं यथासांग चाललं होतं, आणि तिच्या मुठी वळत होत्या.

ओरोझबेकनं फीत कापली. टाळ्या वाजवल्या त्या त्याच्या मेव्हण्यानं आणि जिल्ह्याच्या साहेबांनी. बाकी कुणी हात हलवले नाहीत.

"लाजता काय? चला आत!" तो हसत म्हणाला. कुणी पुढे आलं नाही. त्यानं गर्दीत आपल्या नातवाला शोधलं. "एलदार, ये रे राजा! पहिलं पाऊल आपल्या घरचं."

एलदार निघाला. पण त्याच्या आईनं, चोल्पोननं, त्याचा हात सोडला नाही.

चोल्पोन ओरोझबेकची सून. लग्नाला सात वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत सासऱ्यासमोर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्याच्यापुढे चहाची वाटी ठेवायची आणि पाठ न दाखवता मागे सरकायचं, एवढंच तिला ठाऊक.

"सूनबाई, सोड त्याला."

"नाही, अता," सून सासऱ्याला म्हणाली.

ओरोझबेकचा चेहरा लाल झाला. "सोड म्हणतो ना! आत काय वाघ बसलाय? तू पाहिलंयस तरी का आत जाऊन?"

कुंदुझ बोलण्यासाठी पुढे सरसावली होती, ती जागच्या जागी थांबली. चोल्पोननं मान वर केली होती. तिच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्या आया ओरोझबेककडेच बघत होत्या, आणि त्या आयांच्या मधोमध, हातात फोन धरून, बेगायम उभी होती.

"पाहिलंय, अता," चोल्पोन म्हणाली. "काल बेगायम घरोघर फिरली. आपल्या फोनवर जपून ठेवलेल्या त्या गेममधल्या गावातून तिनं आम्हा सगळ्यांना आत नेलं. आम्ही तिथं पोरांच्या खोलीत उभ्या होतो, आणि पाणी आमच्या डोक्यावरून गेलं."