बिनबिलाची वीज

आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. अख्ख्या मुकुंदवाडीत पाणी ओढायच्या मोटरी सुरू झाल्या. मी ड्रम धुवून उभी, आन आमचे मालक स्पीकरातली लोहचुंबकं चिकटवलेल्या चाकापुढं मांडी घालून बसलेले.

“रत्नमाला, बघ!” त्यांनी चाकाला धक्का दिला. चाकाजवळच्या तारेच्या कॉइलला जोडलेला बारका दिवा लुकलुकला. “बिनबिलाची वीज! आता आपली पाण्याची मोटर जन्मभर फुकट चालंल.”

“चालू द्या की. पण आज लायटीवर लावा, पाणी जाईल नायतर.”

“आज कशी लावू?”

“का? कुठंय मोटर?”

त्यांनी कौतुकानं कॉइलवरून हात फिरवला. “मोटर खोलूनच तर ही गुंडाळली. इतकी चांगली तांब्याची तार बाजारात मिळती व्हय?”