पडद्यावरची नाडी

नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ताईला जुने रेडिओ दुरुस्त करायचा नाद लागला. तिने घरात एक टेबल मांडलं आणि आम्ही दोघं बहीणभाऊ उपकरणांच्या दुकानात गेलो.

"व्होल्ट मोजायला साधा मल्टिमीटर पुरे," दुकानदार म्हणाला. "पण लाट डोळ्यांनी बघायची तर ऑसिलोस्कोप हवा."

नव्या चकचकीत यंत्रांना नाक मुरडून ताईने कोपऱ्यातला जुना, दोन रेघांचा ऑसिलोस्कोप निवडला.

दुपारी तो चालू केला. तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या, तरी पडद्यावरची वरची रेघ उसळू लागली. ताई बघतच राहिली.

"ही नाडी आहे," ती म्हणाली. "दर चौथा ठोका चुकतोय."

तिने आधी स्वतःचं मनगट धरलं, मग माझं. माझे ठोके पडद्याशी जुळताच तिने मला तडक इस्पितळात नेलं.

"आठवडाभर उशीर झाला असता, तर आमच्या हाती काही उरलं नसतं," डॉक्टर म्हणाले.

महिन्याने घरी आलो तो थेट टेबलापाशी गेलो. वरच्या रेघेत माझे ठोके आता एका लयीत पडत होते. मला भरून आलं. मी त्या यंत्रापुढे हात जोडले. "तुझे उपकार फिटायचे नाहीत."

तेवढ्यात खालची रेघ हलली. तिच्यातले ठोके संथ होते. मी ताईकडे पाहिलं. ती आपली नाडी धरून उभी होती.

"माझे नाहीत," ती हळूच म्हणाली.

घरात आम्ही दोघंच होतो. मी दबक्या आवाजात पुन्हा आभार मानले, आणि खालचे ठोके, कुणीतरी ते आभार ऐकले असावेत तसे, जलद झाले.