हिरवी पाटी

प्लास्टिकमुक्त घराची हिरवी पाटी दारावर लागल्याशिवाय नळाला पाणी सुटणार नव्हतं. म्हणून मनोरमाबाईंनी जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवल्या, दात घासायला राखुंडी आणली आणि नात रडत असताना तिची बाहुलीही स्वतःच्या हाताने कचरागाडीत टाकली.

तपासनीसाचं यंत्र स्वयंपाकघरात गप्प राहिलं, न्हाणीघरातही. मनोरमाबाई चहा द्यायला वाकल्या तेव्हा मात्र ते वाजलं.

"इथे प्लास्टिक आहे," तो त्यांच्या छातीकडे बघत म्हणाला.

हृदयात कृत्रिम झडप होती, मुलाने, श्रीरंगनेच हट्टाने बसवून घेतलेली. मनोरमाबाई निश्चिंतपणे श्रीरंगकडे बघून हसल्या. आता तो ह्या माणसाला चांगला फैलावर घेणार.

सून पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिली. श्रीरंगने घसा खाकरला.

"साहेब, काढून टाकायला मुदत किती मिळते?"