कोटाचे चिरे

मासविंगो शहराजवळच्या टेकडीवर पूर्वजांनी नुसते दगडावर दगड रचून उभारलेला कोट होता. त्यातलेच चिरे उपसून गारिकाई गवंड्याने आपलं घर बांधलं. तेव्हापासून त्याची बायको शामिसो धास्तावली होती. “अहो, रोज दुपारी अंगणात, पाहुणे वाजवतात तशा टाळ्या वाजवून कुणीतरी ‘येऊ का?’ विचारतं. मी सवयीने ‘या’ म्हणून बसते. बाहेर बघते तर चिटपाखरू नाही. मग बोलावलेली माणसं गेली कुठे?” “वाऱ्यालाही जेवायला बोलावशील!” गारिकाई हसला. रविवारी दोघं चर्चमधून परतली, तेव्हा दाराला कुलूप तसंच होतं. किल्ली हातात घेऊनच तो बायकोची फिरकी घ्यायला अंगणात उकिडवा बसला आणि पाहुण्यासारख्या टाळ्या वाजवून ओरडला, “येऊ का?” बंद दारामागून एकदम कितीतरी टाळ्या वाजल्या. आणि एक म्हातारा आवाज अगत्याने म्हणाला, “या, या, पाहुणे! मग, किती दिवस मुक्काम म्हणायचा?”