येते

व्हिएन्नातले अतिथिगृह सोडताना वत्सलाबाई पेंडसे मालकिणीला रीतीप्रमाणे "येते हं" म्हणाल्या. त्यांच्या कानात बसवलेल्या, बोलणे ऐकून पैशांचे व्यवहार करणाऱ्या पाकिटाने तो शब्द प्रमाण मानला, बाई परतणार असे धरले आणि त्याच खोलीसाठी सारे पैसे अडवून ठेवले. विमानाची वेळ होत आली, तरी भाडे मिळेना म्हणून दारातली टॅक्सी उघडेना.

"आजी, एकदा 'जाते' म्हण ना. लगेच पैसे सुटतील," नात गार्गी काकुळतीने म्हणाली.

"'जाते' म्हणायला मी काय कायमची चाललेय?"

"अगं, यंत्र आहे ते. त्याला काय कळतंय?"

"मला कळतं ना." बाईंनी पाकीट कानातून काढून नातीच्या तळहातावर ठेवले आणि बॅगेची मूठ धरली. "विमान चुकलं तर चुकू दे. तू याला मराठी शिकव. तोवर मी चालायला लागते."