हिरवा दिवा

रोज सकाळी माझा प्रोग्राम ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर एक कमांड चालवून त्याची तब्येत विचारायचा. कमांड नीट चालली की भिंतीवरच्या स्क्रीनवर त्या कॉम्प्युटरचा दिवा हिरवा. आलेलं उत्तर मी कधी वाचलंच नाही, परस्पर फेकून द्यायचो.

"अरे, विचारतोस तर उत्तरही ऐकत जा की!" आज बॉस मॅडम खेकसल्या.

म्हणून मी दोन ओळी वाढवल्या आणि सगळी उत्तरं धडाधड स्क्रीनवर उमटली. सगळं ठीक. सगळं ठीक. माझ्या शेजारी बसणाऱ्या टेस्टरबाईंच्या कॉम्प्युटरनं मात्र लिहिलं, "सगळं ठीक. पण ठोंब्या, मला चहाला कधी विचारणार?"

ऑफिसभर शिट्ट्या! टेस्टरबाई कानापर्यंत लाल.

"हे... तू घातलंस?"

"तू आलास त्याच आठवड्यात. रोज तुझा प्रोग्राम विचारतो, रोज मी हेच सांगते, आणि तू खुशाल हिरवा दिवा लावून बसतोस!"

मी उत्तर द्यायला धडपडत उठलो. तिनं पर्स उचलली.

"राहू दे, नुसता चहाला चालायला लाग. मीही हिरवा दिवा लावून मोकळी होते. उत्तर कोण वाचत बसतंय!"